मेसेज आत्ता आला, पण आहे किती वाजताचा? गोदाकाठच्या एका गावाचं प्रकरण

आमचं गाव पैठणच्या खाली, गोदावरीच्या बीडकडच्या काठाला. नाव देत नाही, कारण गावात दोन पार्ट्या आहेत आणि हे वाचून दोन्ही चिडतील. मी गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, आधारची लिंक, सगळं माझ्याच टेबलावर. 28 सप्टेंबर 2025 ला, रविवारी, नाथसागरातून, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणातून, तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. तेव्हा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या तीन ॲडमिनपैकी मी एक होतो. त्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोबाइलवर काय काय झालं, त्यातलं कामाला काय आलं आणि कशापायी एक माणूस जाता जाता राहिला, ते इथे मांडतोय. पूर ओसरल्यावर ग्रुप मागे सरकवत मी सगळे मेसेज वेळेसकट वहीत उतरवून घेतले होते, त्यामुळे निदान वेळा तरी आठवणीच्या भरवशावर नाहीत.

गाव आणि त्याचे ग्रुप

गावाने पूर पाहिलेला आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेक सोडलं होतं, त्या पाण्याची रेघ जुन्या शाळेच्या भिंतीवर अजून दिसते. पण त्यानंतरची पोरं वाढली ती टँकर बघत. नदीचं पात्र म्हणजे वाळूचे ट्रॅक्टर जायची जागा, एवढीच त्यांची गोदावरीशी ओळख. 2006 ला कोतवालमामांनी दवंडी दिली होती. 2025 ला दवंडी द्यायची कुणाला सुचलंच नाही, कारण ‘ग्रुपवर टाकलंय की’.

ग्रुप तरी किती! गावाचा एक, दोन्ही पार्ट्यांचे दोन, शाळेच्या पालकांचा, डेअरीचा, भजनी मंडळाचा, बचत गटांचा. एकच माणूस यातल्या पाचांत असतो. एकच मेसेज त्याला पाच ठिकाणाहून येतो आणि त्याला वाटतं, पाच जणांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. सांगणारा मुळात एकच असतो, तोही कोण ते ठाऊक नसतं.

माझ्या धंद्यामुळे मला एक गोष्ट कळते, जी ग्रुपच्या सदस्यांच्या यादीत दिसत नाही. कुणाचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हे मला पाठ आहे. म्हाताऱ्या सासूच्या पगारीचा ओटीपी पुण्यात कंपनीत असलेल्या नातवाकडे. वस्तीवरच्या सहा घरांचे ओटीपी एका पोराच्या फोनवर, आणि तो पोरगा दिवसभर जेसीबीवर. म्हणजे ‘गावात घरटी मोबाइल आहे’ हे सरकारी कागदावरचं वाक्य खरं असलं, तरी तो मोबाइल संध्याकाळी सात वाजता त्या घरात असतो का, हा प्रश्न वेगळाच. त्या रविवारी याच माहितीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, आणि ती वापरायचं मला सुचलं चार तास उशिरा.

रविवारची दुपार

नवरात्र चालू होतं. आदल्या आठवड्यातच धाराशिव आणि बीडकडच्या पावसाचे, सीना नदीच्या पुराचे व्हिडिओ बघून लोक धास्तावलेले. पण त्या दुपारी आमच्याकडे पाऊस थांबला होता. ढग होते, मधूनच ऊनही पडत होतं. पूर वरून येणार होता, आणि डोक्यावर आभाळ मोकळं असताना कुणी पूर म्हणालं की माणूस आधी आभाळाकडेच बघतो. हवामान खात्याचा रेड अलर्ट जिल्ह्याला असतो. पैठणच्या सांडव्यावरून निघालेलं पाणी आपल्या शिवारात कधी शिरेल, हे त्या लाल रंगात नसतं.

विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि दर टप्प्याला एक पत्र येत गेलं. पत्र म्हणजे कागदाचा फोटो, त्या फोटोचा फोटो, शेवटी शिक्का तेवढा वाचता येईल असा. मजकूर ठरलेला: नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, नदीपात्रात कुणीही उतरू नये, जनावरे व शेतीसाहित्य सुरक्षित स्थळी हलवावे. आणि मध्ये एक आकडा.

त्या आकड्याचं काय करायचं? मी हुशारी करून ग्रुपवर हिशेब टाकला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अठ्ठावीस लिटरच्या थोडं वर. तीन लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला 85 लाख लिटर. या वेगाने 102 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) नाथसागर चार दिवसांत रिकामं होईल. अंगठे आले, ‘छान माहिती सर’ आलं. आणि एका चुलतीने विचारलं, “ते ठीके, पण आमच्या गोठ्यात पाणी येतंय का नाही, तेवढं सांग.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवसभरात ग्रुपवर आलेला सगळ्यात शहाणा मेसेज मला अजूनही तोच वाटतो.

साडेतीनच्या सुमाराला तो व्हिडिओ आला. धरण फुटलं, नाथसागर गेला, पुढे पाठवा. दोन उंच डोंगरांमध्ये बांधलेली भिंत, तिच्यातून उसळणारं पाणी, मागे कुणीतरी ओरडतंय. ज्याने जायकवाडी एकदा जरी पाहिलंय, त्याला दोन सेकंदांत कळायला हवं होतं. नाथसागर सपाटीवरचं मातीचं धरण आहे, लांबी जवळपास दहा किलोमीटर, आणि सत्तावीस दरवाजे ओळीने उभे. तिथे डोंगर कुठून येणार? आणि गावातली निम्मी माणसं नाथषष्ठीला पैठणला जाऊन आलेली, धरणावर उभं राहून फोटो काढलेली! तरी दहा मिनिटांत एकाने ट्रॉलीत धान्याची पोती भरायला घेतली, आणि एका घरी रडारड सुरू झाली. व्हिडिओवर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो फिरून फिरून आलेला. असा मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. पण आमची पोरं त्याच्याही पुढची. त्यांनी तो स्टेटसला ठेवला.

मी ‘हा व्हिडिओ खोटा आहे’ असं लिहिलं. कुणी ऐकलं नाही. मग कोतवालमामांनी आवाजी मेसेज टाकला: “आरं, त्या व्हिडिओत डोंगर हायेत. आपल्या पैठणला डोंगर हायेत का? बगा जरा डोळे उघडून.” त्यावर लोक हसले आणि विषय मिटला. माझं ‘खोटा आहे’ म्हणजे नुसता दावा होता. मामांनी लोकांना स्वतः तपासायला एक खूण दिली, तीही त्यांनी आधीच पाहिलेली.

मोटार

नदीकाठच्या गावात विसर्गाचा मेसेज आला की पहिली धांदल मोटारींची. काठावर ज्याची त्याची पाण्याची मोटार असते, पाइप असतो, स्टार्टर असतो. पूर यायच्या आत ते काढलं नाही तर वर्षभराची कमाई वाहून जाते. दुपारपर्यंत बहुतेकांनी काढून घेतल्या होत्या. आमच्या भावकीतले एक काका तेवढे राहिले होते, कारण ते बहिणीकडे अंबडला गेलेले. पावणेसहाला परत आले, मोबाइल उघडला, तर डेअरीच्या ग्रुपवर नुकताच आलेला मेसेज: विसर्ग अमुक इतका. आकडा त्यांच्या ओळखीचा होता. एवढ्या पाण्यात मोटारीच्या दगडापर्यंत जाता येतं, हे त्यांना चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत. निघाले.

आकडा सकाळचा होता. कुणीतरी सकाळचं पत्र संध्याकाळी पावणेसहाला पुढे ढकललं होतं. मोबाइलवर वेळ दिसते ती मेसेज येऊन पडल्याची. पत्रावरची वेळ फोटो कातरताना गेलेली. पाणी चढायचंच थांबलं असतं तर यात काही बिघडलं नसतं. पण विसर्ग दर काही तासांनी वाढत असताना सहा तासांपूर्वीची खरी बातमी धरण फुटल्याच्या खोट्या व्हिडिओपेक्षा वाईट. त्या व्हिडिओने माणसं निदान उंचावर तरी पळाली. या खऱ्या पत्राने एक माणूस पात्रात उतरवला.

काकांच्या पोराला शंका आली ती योगायोगाने. त्याने तोच आकडा सकाळी पाहिला होता. तो आणि आम्ही दोघे बॅटरी घेऊन पळालो. उसाच्या बांधावरून हाका मारल्या. पाण्याचा आवाज एवढा की हाक आपल्यालाच ऐकू येईना. मग काका दिसले: डोक्यावर स्टार्टरची पेटी, कमरेच्या वर चिखल, एका पायात चप्पल. मोटारीचे नट खोलता खोलता पाणी मांडीपर्यंत आलं, तेव्हा त्यांनी पाना टाकून दिला, पेटी तेवढी उपटली आणि मागे फिरले. वर आल्यावर पहिलं वाक्य: “पाना नवा होता रे.” मग बांधावर बसून त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यात पाणी शिरलं होतं. तो मेसेज मला दाखवायचा होता त्यांना.

ग्रुपला कुलूप

साडेसहाला आम्ही तिघा ॲडमिननी ग्रुप बंद केला, म्हणजे फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं केलं. आणि मेसेजचा एक साचा ठरवला. वेळ मजकुरातच लिहायची. पाणी कुठल्या खुणेला आहे ते लिहायचं. डोळ्याने कुणी पाहिलं ते लिहायचं. पहिला मेसेज असा होता:

‘सायं. 6:40. पाणी महादेवाच्या घाटाच्या वरून नवव्या पायरीला. तासाभरात दोन पायऱ्या वाढलंय. पाहिलं: कोतवालमामा. पुढचा मेसेज 7:15 ला.’

यात क्युसेक नाही, टीएमसी नाही. पण घाटाची वरची पायरी बुडाली की मारुतीच्या पारापर्यंत पाणी येतं आणि पार बुडाला की खालच्या आळीत शिरतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. चुलतीच्या गोठ्याचं उत्तर तिला आता आपलं आपण काढता येत होतं. शेवटच्या वाक्याचाही गुण आला. पुढचा मेसेज कधी ते कळल्यामुळे ‘काय झालं, काय झालं’ असे फोन कमी झाले आणि खालच्या आळीतल्या बायकांनी दोन मेसेजच्या मध्ये भाकरी टाकून घेतल्या.

व्हिडिओ पूर्ण बंद केले. टॉवरला भार असला की व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो आणि त्याच्यामागे दोन ओळींचा मेसेज अडकतो. आठला लाइट गेली, तेव्हा ज्यांच्या फोनवर दिवसभर पुराचे व्हिडिओ आपोआप उतरले होते, त्यांच्या बॅटऱ्या आधी संपल्या. माझ्या केंद्रातल्या इन्व्हर्टरवर रात्री चार्जिंगला ही रांग! सणासुदीला पिठाच्या गिरणीत लागते तशी.

आता या कुलपाची दुसरी बाजू, आणि तीच मला जास्त टोचते.

तीन ॲडमिन होते. मी, रोजगार सेवक आणि सरपंचताईंचा मुलगा. समोरच्या पार्टीचा एकही नाही. कुलूप लागल्यावर अर्ध्या तासात त्यांनी दुसरा ग्रुप काढला. ‘माहिती दडवायलेत’ हा तिथला पहिला मेसेज. दुसरा पुन्हा तोच डोंगरवाला व्हिडिओ. आम्ही एक खोटी गोष्ट दाबायला गेलो आणि तिला स्वतःचं घर बांधून दिलं. ॲडमिनमध्ये त्यांचा एक माणूस आधीपासून असता तर हे टळलं असतं, आणि ते पावसाळ्याच्या आधी करायला पाच मिनिटं लागली असती. भर पुरात कोण कुणाला ॲडमिन करतो?

पण याहून वाईट झालं ते ओढ्यावर.

मागून आलेलं पाणी

सगळं गाव नदीकडे तोंड करून उभं होतं. घाट, पायऱ्या, पार. पण नदी फुगली की ओढ्याचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलटं मागे चढतं. हा फुगवटा गावाच्या पाठीमागून येतो, आवाज न करता. ओढ्यापलीकडे आमची ऊसतोड मजुरांची वस्ती आहे. तिथल्या एका बाईने पाहिलं की नळकांड्यांच्या पुलावर पाणी आलंय. वस्तीला गावात यायचा रस्ता तोच. तिने नवऱ्याच्या फोनवरून ग्रुपवर लिहायला घेतलं, तर ग्रुप बंद. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.’ आमच्यापैकी एकाचाही नंबर तिच्याकडे नव्हता.

मला मात्र वाटत होतं की वस्तीला सगळं कळतंय. सेवा केंद्राची माझी एक ब्रॉडकास्ट यादी होती, विम्याला नाहीतर आधारला केंद्रात आलेल्या सगळ्यांची, आणि घाटाचे मेसेज मी त्यावरही टाकत होतो. ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतो फक्त त्यालाच, ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय. गावातल्यांनी माझा नंबर ‘विमावाला’ म्हणून ठेवलेला. वस्तीवरची माणसं विमा भरत नाहीत, त्यांना जमीनच नाही. त्यांचे नंबर मी आधारच्या कामासाठी घेतले होते, माझा त्यांनी घ्यायचं काही कारण नव्हतं. एकच टिक दिसत होती, पण सत्तर ओळींच्या यादीत टिक कोण मोजतो?

बातमी आली ती बचत गटाच्या ग्रुपवरून. चौदा बायकांचा ग्रुप, त्याला कधी कुलूप नसतं, आणि सगळ्या एकमेकींच्या घरचं मीठमिरची जाणणाऱ्या. तिथे त्या बाईने आवाजी मेसेज टाकला, ‘ताई, पुलावर पाणी यायलंय, लेकरं झोपलेत’. बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंनी तो ऐकला आणि टाइप करत न बसता त्या थेट माझ्या केंद्रावर आल्या. तेव्हा वहीप्रमाणे 8:50 झाले होते. बाईने ग्रुपवर लिहायचा पहिला प्रयत्न केला होता आठच्या जरा आधी.

मग ओटीपीची आठवण झाली. सहा घरांचे ओटीपी ज्या पोराच्या फोनवर येतात, त्याला फोन लावला. तो जेसीबी घेऊन पलीकडच्याच बाजूला होता. पुलावर गुडघाभर पाणी होतं आणि ओढ नव्हती, कारण फुगवट्याचं पाणी साचलेलं असतं. जेसीबी आणि ट्रॅक्टरने वस्ती दोन खेपांत शाळेत आणली. पाण्याला ओढ असती तर ही उडी मारायची नव्हती. तलाठीभाऊंनी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं) तसं फोनवर बजावलं आणि 1077 ला, जिल्हा नियंत्रण कक्षाला, वस्तीची माहितीही दिली. एका घरातली म्हातारी शेळ्या सोडून यायला तयार नव्हती. शेवटी शेळ्यांसकट आली. रात्रभर चौथीच्या वर्गात शेळ्या होत्या.

देवीच्या देवळाचा भोंगा त्या रात्री सव्वादहाला सुरू झाला, आरतीच्या जनरेटरवर. भोंग्याला चार्जिंग लागत नाही, नंबर साठवावा लागत नाही, त्यात दोन पार्ट्या नसतात. तो दुपारी साडेतीनला सुरू करायला कुणी अडवलं नव्हतं.

ओसरल्यावर

पाणी पारापर्यंत आलं, खालच्या आळीत चार-पाच घरांत शिरलं आणि पहाटे उतरायला लागलं. माणूस दगावलं नाही. एकाने 4:30 ला उत्साहात ‘पूर ओसरला, सगळे घरी या’ असं दुसऱ्या ग्रुपवर टाकलं, आणि खालच्या आळीतली काही माणसं अंधारात चिखलातून घरं बघायला गेली. साप निघाले. कुणाला चावला नाही, एवढंच. धोका संपल्याचा मेसेज कुणी टाकायचा, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

पुढचे आठ दिवस वेगळाच पूर, कागदांचा. कपाशी झोपलेली, सोयाबीन पाण्यात कुजलेलं, काठाच्या जमिनी खरवडून गेलेल्या. आणि ग्रुपवर मेसेज: ‘72 तासांत विमा कंपनीला कळवा, नाहीतर भरपाई नाही.’ केंद्रावर झुंबड. हा मेसेज खोटा नव्हता, जुना होता. एक रुपयात विमा होता त्या वर्षांत स्थानिक आपत्तीसाठी 72 तासांत कळवावंच लागायचं. 2025 च्या खरिपापासून राज्याने ती योजना बदलली, ते निकषच काढून टाकले, आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठेवली. अतिवृष्टीची सरकारी मदत पंचनाम्यावर, ती वेगळी. हे शंभर जणांना तोंडाने सांगताना माझा घसा बसला, आणि सांगताना लाजही वाटली, कारण नियमाची बातमी खरी करून सांगितली तरी ती शेतकऱ्याच्या तोट्याचीच होती.

फोटोंचंही तसंच. लोकांनी नुकसानीचे फोटो ग्रुपवर टाकले आणि मूळ फोटो जागा भरली म्हणून पुसले. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो कुठे आणि कधी काढला ही आतली नोंद गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. आता बोर्ड लावलाय केंद्रात: ‘फोटो पुसू नका’. निम्म्यांनी तो वाचलेला नाही.

सध्या

घाटाच्या पायऱ्यांवर ऑइलपेंटने आकडे टाकलेत, वरून खाली एक ते एकवीस. ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर लाल पट्टा मारलाय. ॲडमिन आता पाच आहेत: दोन्ही पार्ट्यांचा एकेक, सीआरपी ताई, कोतवालमामा आणि मी. ग्रुप बंद केला तर त्याच मिनिटाला तिघांचे फोन नंबर वर चिकटवायचे, असं ठरलंय. दुसरा ग्रुप मात्र अजून चालू आहे आणि त्यात माझ्याबद्दल काय लिहितात ते मला रोज कुणीतरी आणून दाखवतं.

ओटीपीवाली यादी मी वहीत नीट उतरवली, घरानुसार: संध्याकाळी सातनंतर घरात कुणाचा फोन असतो, साधा की स्मार्ट, त्याच्याकडे माझा नंबर आहे का. ऑक्टोबरात ती पुरी झाली. दिवाळी झाली आणि वस्ती कोयता घेऊन निघाली, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मागे राहिल्या म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं, फोन सगळे तिकडे. त्या पानावर पेनाने लिहिलं होतं. खाडाखोड करून पुन्हा लिहिलंय, आता पेन्सिलने.